रोटिसरी बनवावी का नाई? आबाजींची पद्मिनी, गोठ्यातलं शेड अन् बारा हातांचे सल्ले

पराटीतली_पद्मिनी | सोमवार, रात्री ९:४०
राम राम मंडळी. लय दिवसांपासून विचारीन विचारीन म्हणत होतो, आज तुरीचं काम आटोपलं तर लिहूनच टाकतो. मी दारव्ह्याच्या बाजूचा, कास्तकार माणूस, गाड्यातलं मले समजते ते ट्रॅक्टरपुरतं. आमच्या आबाजींनी १९७४ मधे घेतलेली प्रीमियर पद्मिनी गोठ्याच्या सांदीत उभी हाय, वीस-बावीस वर्षं झाले हललीच नाई. एका बाजूनं कुटार, एका बाजूनं ढोरं, वरतून टिन गळते. इतके वर्षं कोंबड्या मागच्या सीटवर अंडे देऊन राहिल्या होत्या. इंजिनची पुली पान्यानं फिरवून पाहिली तर फिरते, म्हणजे जाम नाई. पण ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते अन् डिक्कीच्या तळाले बोट घातलं तर पत्रा पापडावानी तुटते.

आता पोट्ट्यानं मोबाईलवर रोटिसरी दाखवली, म्हणजे गाडीचा सांगाडा पुढून मागून दोन घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, टांगतात अन् सळईवरच्या कोंबडीसारखा गोल फिरवतात. आमच्या इथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा हाय, तो म्हणते दोन दिवसात करून देतो, ट्रॉलीचे जुने हब (चाक ज्याच्यावर फिरते तो मधला भाग) लावून. मले समजून नाई राहिलं की एका गाडीसाठी हा कुटाणा करावा का नाई. घरचे तर आताच म्हणून राहिले का भंगारात द्या म्हणून.

खर्च_वाचवा | सोमवार, रात्री १०:०५
चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. खड्डा खंदा, गाडी वरती उभी करा, खालून वेल्डिंग मारा, विषय संपला.

डेंटर_काका | मंगळवार, सकाळी ६:२०
मूर्तिजापूरले पस्तीस वर्षं डेंटिंग केलं, फियाटी केल्या, अँबेसेडर तर मोजल्याच नाईत. तो रहाटपाळणा आमच्या टायमाले नव्हता बाप्पा. आम्ही गाडी रिकामी करत होतो, इंजिन, गिअरबॉक्स, आस, दरवाजे, काचा सगळं काढाचं, मंग सहा पोट्टे लावून आडवी करत होतो जुन्या टायरांवर अन् कुटाराच्या पोत्यांवर. अर्धा तळ झाला की दुसऱ्या कुशीवर. धकत होतं.

पण वरच्या भाऊंनी खड्ड्याचं लिवलं त्याच्यावर सांगतो. खड्ड्यात उभं राहून डोक्यावरती वेल्डिंग करणाऱ्यानंच तसं लिवाव. ठिणगी बाहीत जाते, कानात जाते, माह्या डाव्या कानात गेली होती, अजून त्या बाजूनं कमी ऐकू येते. अन् वरच्या दिशेनं टाका मारला का तो वितळलेला लोखंड खाली येऊ पाहते, टाका आत शिरत नाई, दिसाले भरलेला दिसते अन् हातोडी मारली का सुटते. जुन्या गाड्याले खालून डांबर मारलेलं असते, ते वेल्डिंगच्या आचेनं पेटते, अन् तुमी खड्ड्यात. पेट्रोलची टाकी काढल्याशिवाय तर जवळही जाऊ नका. पेट्रोलची वाफ जड राहते, खड्ड्यात येऊन बसते.

घाटावरचा_मिस्त्री | मंगळवार, दुपारी १:१५
पुण्याहून लिहितोय, माझ्या दोन पद्मिनी झाल्यात, पहिली जमिनीवर स्टँड लावून आणि दुसरी रोटिसरीवर, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. पहिल्या गाडीला तळ खरवडायलाच अडीच महिने गेले, रोज संध्याकाळी पाठीवर झोपून, डोळ्यात गंज, चष्मा घातला तरी. दुसरीला तेच काम तीन शनिवार-रविवारात झालं कारण पत्रा समोर छातीच्या उंचीवर येतो, हीटगनने डांबर मऊ केलं की पत्र्याच्या तुकड्याने सालपटासारखं निघतं. आणि वेल्डिंग सगळं वरून खाली मारता येतं, फरशीवर ठेवलेल्या पत्र्यासारखं. सांध्यात सीलर भरणं, प्रायमर मारणं, कोपऱ्यात ब्रश पोचणं, हे सगळं.

एक गोष्ट लोक विसरतात. ब्लास्टिंग केलं, म्हणजे हवेच्या जोरानं वाळू मारून गंज काढला, तर वाळू सगळ्या पोकळ भागात घुसते, सिलमध्ये (दरवाजाखालची लांब पोकळ पट्टी), पिलरमध्ये (टपाचे उभे खांब), नंतर वर्षभर गळत राहते आणि ओल धरते. रोटिसरीवर उलटी-पालटी करून ठोकली की पोतंभर निघाली माझ्या गाडीतून. फक्त बॉनेट, टप (छत), दरवाजे यांना वाळू मारू देऊ नका, सपाट पातळ पत्रा लाटांसारखा होतो आणि मग लांबी (पुट्टी) भरत बसा. साध्या वाळूची धूळ फुप्फुसात गेली तर सिलिकोसिस होतो, ते काम कोपऱ्यात रुमाल बांधून करायचं नाही.

तरी पराटीदादा, तुमचा प्रश्न उलटा आहे असं मला वाटतं. रोटिसरी घ्यावी का, याच्या आधी गाडी टांगण्यालायक आहे का ते बघा. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा डबा हाच सांगाडा. तो डबा दोन टोकांना, बंपरच्या बोल्टाच्या जागी धरून मधे लोंबकळत ठेवायचा म्हणजे सगळा ताण दरवाजाखालच्या सिलवर आणि तळाच्या मेंबरवर (खालच्या आधाराच्या पट्ट्यांवर) येतो. आणि तुमचं वर्णन वाचून तेच गेलेले वाटतायत.

जीपवाला_मोर्शी | मंगळवार, दुपारी २:३०
मधातच विचारतो, माह्याजवळ जुनी महिंद्राची सीजे-३बी हाय, संत्र्याच्या बगीच्यात पडलेली. तिले पण हे पाहिजे का?

डेंटर_काका | मंगळवार, दुपारी ३:००
नाई. जीपले चेसिस अलग हाय, बोल्ट खोलले का वरचा टब आठ माणसं उचलून बाजूले ठेवतात, चेसिस दोन घोड्यांवर ठेवा अन् हातानंच पलटवा. स्टँडर्ड हेराल्डचंही तसंच. अँबेसेडरले मात्र लोक चेसिस हाय म्हणतात वजनाकडं पाहून, ते खोटं हाय, ती पण डब्बाच हाय, जाड पत्र्याचा.

आर्वीकर_ताई | मंगळवार, रात्री ८:४५
आमचं आर्वीला फॅब्रिकेशनचं दुकान आहे, ट्रॉल्या, गेट, शेड, सगळं करतो. गेल्या वर्षी एकाला रोटिसरी करून दिली, म्हणून खर्चाचं सांगते. खालचा पाया आणि उभे खांब तीन इंची चौरस पाइपचे, पाच मिमी जाडीचे, खांबात अडीच इंची पाइप सरकता ठेवायचा म्हणजे उंची बदलते. सगळं मिळून दीडशे-पावणेदोनशे किलो लोखंड बसलं, सत्तर रुपये किलोनं धरा, वरून बोल्ट, कापणं, मजुरी. आम्ही एकोणीस हजार घेतले होते. काम झाल्यावर त्यानं तो साचा दुसऱ्याला विकला पण. म्हणजे पैसे काही जळत नाहीत, जागा जळते. ती वस्तू गाडीपेक्षा लांब होते, शेडमधे मावते का ते आधी मोजा, आणि टप फिरताना जमिनीला लागायला नको.

दुसरं, जमीन. गोठ्यात शेणानं सारवलेली भुई असेल तर चाकं बिकं लावू नका, एक खांब दोन सूत (पाव इंच) दबला तरी पूर्ण बॉडीला पीळ बसतो. आधी कोबा करा, निदान दोन्ही घोड्यांखाली, आणि दोन्ही घोड्या खालून एका लांब पाइपनं बांधून टाका.

ट्रॉलीच्या हबबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हबला बेअरिंग असते, ते फार मोकळं फिरतं. आपल्याला मोकळं नको आहे. जाड पाइपात दुसरा पाइप घालून ग्रीस लावा, घट्ट फिरलं पाहिजे. त्यावर दहा मिमीची गोल प्लेट, छिद्रं पाडलेली, आणि हवी तिथं बॉडी अडवायला पिन.

पराटीतली_पद्मिनी | मंगळवार, रात्री ९:३०
ताई एकोणीस हजार म्हणजे आमचा ट्रॉलीवाला आठ सांगून राहिला तो काय बनवून देणार होता देव जाणे. हबचं त्याचं म्हणणं का तीन टन पेलते, मंग गाडी काय चीज हाय.

आर्वीकर_ताई | मंगळवार, रात्री ९:४२
पेलते हो, पेलण्याचा प्रश्नच नाही. गरगर फिरण्याचा आहे.

बिनकामाचा_इंजिनिअर | बुधवार, सकाळी ११:१०
ताईंच्या मुद्द्यावर थोडं. फिरण्याचा आस आणि गाडीचं गुरुत्वमध्य हे जवळजवळ एकाच रेषेत आले तर बॉडी एका हातानं फिरते आणि जिथं सोडली तिथं थांबते. आस गुरुत्वमध्याच्या वर असला तर घड्याळाच्या लंबकासारखी परत खाली येऊ पाहते, त्रास होतो पण धोका कमी. आस खाली राहिला तर थोडं कलंडवलं की बॉडी स्वतःच उलटी होते, तेव्हा जो समोर उभा असेल त्याचं काही खरं नाही. म्हणून सुरुवातीला दोघांनी धरून फक्त दहा-पंधरा अंश कलवून बघायचं. पळायला लागली तर सरळ करून बॉडी आसाच्या मानानं खाली घ्यायची. फार जोरानं परत येत असली तर थोडी वर. किंचित खाली जड ठेवलेली बरी.

टिनपत्रा | बुधवार, दुपारी १२:३०
इंजिनिअर भाऊनं लिहिलं ते पुस्तकातलं नाही, माझ्या करंगळीतलं आहे. मी वर्धा जिल्ह्यात राहतो. माझी पण फियाट, रोटिसरी ट्रॉलीच्या हबवर बनवली होती एका ठिकाणाहून, बॅलन्स एकदम बरोबर केला, बायको एका बोटानं फिरवून दाखवत होती पाहुण्यांना. मग मी सडलेला तळ कापला. सगळाच्या सगळा, पुढचे दोन्ही खण. कापून बाजूला ठेवला आणि खुशीत पिन काढली की आता उलटी करून किनारी घासू.

आता विचार करा, तळ म्हणजे खालचं वजन. तेच मी काढून टाकलं, म्हणजे जड बाजू आता टपाकडची झाली, गुरुत्वमध्य वर सरकलं आणि आस राहिला खाली. पिन निघाली आणि बॉडी गपकन फिरली, हब मोकळं, कुठं अडायचा प्रश्नच नाही. दरवाजाच्या चौकटीत माझी करंगळी आणि पिन दोन्ही. दोन टाके आणि हाड मोडलं. पिनीवर इतका विश्वास होता की घट्ट करायचा क्लँप लावलाच नव्हता. तेव्हा कापायच्या आधी आणि कापल्यावर, नवीन पत्रा लावल्यावर, दर वेळी बॅलन्स परत करा. हे कोणत्याच व्हिडिओत कोणी बोलत नाही कारण व्हिडिओत कापणं एका भागात आणि फिरवणं दुसऱ्या भागात असतं.

खर्च_वाचवा | बुधवार, दुपारी १२:५०
म्हणजे माझं बरोबर होतं, बनवू नका.

टिनपत्रा | बुधवार, दुपारी १:०५
नाही हो. टाके निघाल्यावर त्याच रोटिसरीवर गाडी पूर्ण केली. पाठीवर झोपून करायची हिंमत नव्हती.

पराटीतली_पद्मिनी | गुरुवार, रात्री १०:१५
आज मी अन् पोट्टा दोघं जण बॅटरी घेऊन खाली गेलो. मिस्त्री दादांनी गाडी टांगण्यालायक हाय का पाहा म्हटलं म्हणून पेचकस घेऊन टोचून पाहिलं सगळीकडं. उजवीकडचं सिल ठीक, एका जागी गेलं. डावीकडचं, जिकडं कुटार लागून होतं, ते पूर्णच गेलं, पेचकस मुठीपर्यंत आत अन् आतून मातीच निघाली, दीमकाची का काय. पुढचा बंपर जिथं बोल्टानं बसते ते दोन्हीकडं कडक हाय, मागचं डावं टोक हातानं हलते. नंतर ड्रायव्हरचा दरवाजा उघडला तर परत लागाले उचलावा लागला. याच्या आधी असं नव्हतं होत.

घाटावरचा_मिस्त्री | गुरुवार, रात्री १०:५०
दरवाजा उचलावा लागला म्हणजे बॉडी आताच बसलीय. दादा, ही गाडी अशीच टांगली तर मधून वाकेल, आणि वाकलेल्या आकारात तुम्ही नवीन पत्रा जोडाल, मग आयुष्यभर दरवाजे लागणार नाहीत. आधी सिल, मग रोटिसरी. सिल करताना गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी घोड्या लावून, तिच्या नेहमीच्या वजनात उभी. दरवाजे काढायच्या आधी सगळ्या फटी मोजून लिहून ठेवा. मग दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाका मारून बसवा, एक पिलर ते दुसरा पिलर, आणि डावीकडून उजवीकडे पण एक. एका वेळी एकच सिल कापायचं. दोन्ही एकदम कापलेली गाडी मी पाहिलीय, मधे केळ्यासारखी.

डेंटर_काका | शुक्रवार, सकाळी ६:०५
बरोबर सांगून राहिले. माप घ्याची आमची पद्धत सांगतो, लेझर बिझर नाई लागत. गवंड्याचा पाण्याचा लेव्हल पाइप घ्या, चारी कोपऱ्याले एकाच उंचीवर हाय का पाहा, नसलं तर घोड्या वरखाली करा. मंग डाव्या पुढच्या छिद्रापासून उजव्या मागच्या छिद्रापर्यंत टेप, अन् त्याच्या उलट. दोन्ही कर्ण एक सुताच्या आत आले पाहिजे. खालून अन् चौकटीतून, दोन्हीकडं. कागदावर लिवा, भिंतीवर नोका लिवू, मी लिवलं होतं अन् दिवाळीत घरच्यांनी चुना मारला.

सिलचा पत्रा अठरा गेजचा घ्या, तळाले वीस धकते. आर्कनं (काडीच्या वेल्डिंगनं) नोका करू, भोकं पडतात, सीओटू मशीन (गॅस अन् तारवालं वेल्डिंग) भाड्यानं भेटते. टाका-टाका मारत जा, इकडं एक, तिकडं एक, सलग ओढली का पत्रा तापून ताणते. अन् तुमच्या गावात व्होल्टेज संध्याकाळी किती राहते? आमच्याकडं १७० वर येते तर मशीन फक्त भुरभुर करते.

पराटीतली_पद्मिनी | शुक्रवार, दुपारी २:००
काका संध्याकाळी तर बल्बही पिवळा दिसते. दुपारी धकते. कृषी फीडरची थ्री फेज आठ तास येते पण कधी दिवसा कधी रात्री, त्याचा काही भरवसा नाई.

सिलचा पत्रा इथं बनवून घेऊ का रेडी भेटते?

घाटावरचा_मिस्त्री | शुक्रवार, दुपारी ३:३०
मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात फोन करून बघा, प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातच होता म्हणा. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली, तेव्हापासून माल कमी होत चाललाय. पण सिल म्हणजे दोन-तीन वाकवण्या आहेत, ताईंच्या दुकानासारखं बेंडिंग मशीन जवळ असेल तर उजव्या बाजूचा नमुना नेऊन बनवून घ्या, उलटा करून.

बिनकामाचा_इंजिनिअर | शुक्रवार, सायंकाळी ६:२०
एक कागदाचं पण लक्षात ठेवा. १९७४ ची म्हणजे पन्नास वर्षं झाली, २०२१ च्या केंद्राच्या नियमानं विंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नवीन नोंदणीला वीस हजार फी, दहा वर्षांची मुदत, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. पण रोजच्या कामाला किंवा धंद्याला चालवता येत नाही, आणि चेसिस, बॉडी, इंजिनात बदल नको, मूळ रूपात पाहिजे. म्हणून जिथं चेसिस नंबर कोरलाय तो पत्रा कापू नका, त्याच्यावर ब्लास्टिंग नको, घासायच्या आधी पेन्सिलनं ठसा काढून फोटो ठेवा. नंबर पुसला गेला तर मग ऑफिसच्या चकरा.

खर्च_वाचवा | शुक्रवार, रात्री ८:००
रोजच्या कामाला चालवता येत नाही म्हणता मग करून काय उपयोग??

पराटीतली_पद्मिनी | शुक्रवार, रात्री ८:४०
भाऊ, आबाजी याच गाडीत माह्या मायले माहेरून आणाले गेले होते, दारव्ह्यावरून कारंज्यापर्यंत, अन् रस्त्यात पंक्चर झाली तर बैलबंडीवाल्यानं स्टेपनी बदलाले मदत केली. माय अजून सांगते. दिवाळीले तिले बसवून कारंज्याले नेलं का माह्यं भागलं.

खर्च_वाचवा | शुक्रवार, रात्री ८:५५
बरं बाबा. मंग करा. कोब्याले सिमेंट लागलं तर सांगा, माह्याकडं चार पोते उरले हायेत, दिग्रसले, घेऊन जाजा.

आर्वीकर_ताई | शुक्रवार, रात्री ९:१०
वा, खर्चभाऊंनी पहिल्यांदा खर्च केला :)

दादा, तुमच्या गाडीचं ऐकून माझं असं म्हणणं आहे की आता लगेच रोटिसरी बनवूच नका. दोन्ही सिल आणि मागचं डावं टोक चाकांवर असतानाच करून घ्या, त्याला महिना-दीड महिना जाईल. तोपर्यंत मी ज्याला बनवून दिली होती तो साचा ज्यानं घेतला, त्याचं काम संपत आलंय, पुलगावला आहे, त्याला विचारते भाड्यानं देतो का. पाइपातल्या पाइपाची आहे, हबची नाही. फक्त पुढचा-मागचा पकडायचा भाग तुमच्या गाडीच्या मापाचा नवीन करावा लागेल, बंपरच्या बोल्टांचं अंतर पाठवा, दोन्ही टोकांचं, मधून मधे. ट्रॅक्टर-ट्रॉली तुमच्याकडे आहेच आणायला.

पराटीतली_पद्मिनी | रविवार, रात्री ९:००
ताई माप घेतलं, पुढचं आताच पाठवतो, मागचं डावं टोक हलते म्हणून ते दुरुस्त झाल्यावर घेऊ असं पोट्टा म्हणते, मले बी पटलं. ट्रॉलीवाल्याले सांगून आलो का हब नोको, तो नाराज झाला, मंग त्यालेच कोब्याचं अन् चार घोड्यांचं काम दिलं तर खुश. गाडी आज गोठ्यातून ट्रॅक्टरनं ओढून बाहेर काढली. चाकं जाम होते, मागचं एक फिरलंच नाई, घसरतच आलं. कोंबड्या दिवसभर त्या जागेवर येऊन पाहून राहिल्या. लेव्हल पाइप लावला तर मागचा डावा कोपरा सात सूत खाली हाय.

डेंटर_काका | रविवार, रात्री ९:२५
सात सूत लय होते. आधी चारी टायर सारख्या हवेचे करा अन् मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पाहा, डावीकडचा पाटा तुटला असन तरी कोपरा बसते. ते पाहिल्याशिवाय बॉडीले दोष देऊ नोका अन् पाइपाचा टाका मारू नोका. उद्या सकाळी पाहून सांगा, मी सहाले उठतो.